आधी यंत्र, मग रीळ!

माळ्यावर सापडलेला जुना प्रोजेक्टर दुरुस्त होऊ शकतो. मात्र घाईने लावलेले घरातील एकमेव रीळ फाटले, तर ते पुन्हा मिळत नाही.

नंदुरबार : दिवाळीची साफसफाई निघते किंवा जुने घर पाडून तेथे नवी इमारत उभारण्याचे ठरते, आणि वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली पेटी खाली उतरते. पेटीत एक जड, करड्या रंगाचे यंत्र असते. सोबत दोन रिकामी चाके आणि पत्र्याच्या चपट्या डब्यांत गुंडाळलेली काही रिळे. 'आजोबा याच्यावर लग्नाचा सिनेमा दाखवायचे' असे घरातील कोणाला तरी आठवते. मग उत्साहाच्या भरात वायर प्लगमध्ये जाते, रीळ चढवले जाते आणि बटण दाबले जाते. भिंतीवर क्षणभर एक चेहरा हलतो, आतून करकर आवाज येतो आणि चित्र थांबते. दिव्यासमोर अडकलेली फिल्म मधोमध वितळून तपकिरी फुगा धरते. पन्नास-साठ वर्षे सुखरूप राहिलेले चित्रण अर्ध्या मिनिटात नष्ट होते.

या अपघाताची हानी मोठी असण्यामागे एक तांत्रिक कारण आहे. घरगुती चित्रणासाठी बहुतांशी 'रिव्हर्सल' प्रकारची फिल्म वापरली जात असे. छायाचित्रात निगेटिव्ह वेगळी आणि छापलेली प्रत वेगळी असते. रिव्हर्सलमध्ये कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन थेट पडद्यावर दाखवली जाते. घरातील रीळ हीच मूळ प्रत आणि बहुतेक वेळा तीच एकमेव प्रत. म्हणूनच जुन्या प्रोजेक्टरच्या दुरुस्तीचा पहिला नियम असा, की यंत्र पूर्ण विश्वासपात्र ठरेपर्यंत घरचे रीळ त्याच्या जवळही नेऊ नये.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कौटुंबिक जिव्हाळ्यापुरता राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या ३३ गावांना सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका बसला. हे धरण सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच पूर्ण क्षमतेने भरले. त्याआधीचा नर्मदेचा काठ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, काठीची होळी किंवा एखाद्या गावचा आठवडे बाजार कोणी हौसेने टिपला असेल, तर ते तीन-चार मिनिटांचे रीळ आज दस्तऐवज ठरते. ते टिपणाऱ्याला तसे वाटलेही नसेल.

रीळ कोणत्या मापाचे?

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी यंत्र कोणत्या मापाचे आहे हे ओळखणे आवश्यक आहे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरची घरगुती फिल्म आणली. तिची छिद्रे कडेला नसून मधोमध, दोन चित्रांच्या दरम्यान असतात. अमेरिकेच्या कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. १९३२ मध्ये त्याच कंपनीची स्वस्त ८ मिलिमीटरची फिल्म आली आणि १९६५ मध्ये 'सुपर ८'.

भारतातील १६ मिलिमीटरची यंत्रे केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नव्हती. शाळा-महाविद्यालये आणि शासकीय प्रचार पथके यांच्याकडेही ती असत. केंद्र सरकारच्या क्षेत्रीय प्रचार विभागाच्या फिरत्या पथकांनी अशी यंत्रे गावोगावी नेऊन फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवले. त्या काळी ही यंत्रे हाताळलेला एखादा निवृत्त ऑपरेटर गावात असेल, तर दुरुस्तीच्या कामी त्याच्यासारखा मार्गदर्शक नाही.

सर्वाधिक गोंधळ होतो तो जुने ८ मिलिमीटर आणि सुपर ८ यांच्यात. दोन्हींची रुंदी सारखीच, पण छिद्रे वेगळी. जुन्या प्रकारात छिद्र मोठे असून ते दोन चित्रांच्या सीमेवर असते. सुपर ८ मध्ये छिद्र बारीक असून ते चित्राच्या मध्याजवळ येते, त्यामुळे चित्राला अधिक जागा मिळते. चाकाच्या मध्यभागी असलेले भोकही सुपर ८ चे मोठे असते. काही यंत्रांवर दोन्ही प्रकार चालतात व त्यासाठी एक खटका दिलेला असतो. तो चुकीच्या बाजूला राहिला, तर यंत्र प्रत्येक छिद्र कुरतडत पुढे जाते.

पन्नास फुटांचे जुने ८ मिलिमीटरचे रीळ सेकंदाला १६ चित्रांच्या गतीने सुमारे चार मिनिटे चालते. त्याच लांबीचे सुपर ८ चे रीळ सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. एका कुटुंबाचा सबंध लग्नसोहळा एवढ्याच वेळात बसवलेला असतो.

यंत्राच्या पोटात काय चालते?

प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग वाहत नाही. ती थबकत-थबकत पुढे सरकते. दिव्यासमोरच्या अरुंद खिडकीला 'गेट' म्हणतात. तेथे एक छोटा धातूचा पंजा छिद्रात शिरतो, फिल्म एक चित्र खाली ओढतो, बाहेर येतो आणि पुन्हा वर जातो. फिल्म सरकत असताना फिरते शटर प्रकाश अडवते आणि ती स्थिर झाली की प्रकाश सोडते. शटरला तीन पाती असतील, तर सेकंदाला १६ चित्रे दाखवताना पडद्यावर ४८ वेळा प्रकाश पडतो. त्यामुळे डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही.

वरचे व खालचे चाक मात्र अखंड फिरत असते. अखंड फिरणे आणि थबकत सरकणे यांचा मेळ बसावा म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एक-एक सैल वळसा ठेवावा लागतो. यालाच लूप म्हणतात. लूप नाहीसा झाला की फिल्मला झटके बसतात, चित्र थरथरते आणि छिद्रे फाटतात. 'मशीन सिनेमा खाते' अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा दोष लूपचा, गेटमधील घाणीचा किंवा आकसलेल्या फिल्मचा असतो.

वीज जोडण्यापूर्वी

यंत्र हाती आल्यावर ते सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. प्रथम झाकण उघडून आत डोकावावे. जुन्या वायरवरील रबराचे किंवा सुताचे वेष्टन कडक होऊन तडकलेले असते. अशी वायर पूर्णपणे बदलावी आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावे. त्यानंतर यंत्रावरील पट्टी वाचावी. अमेरिकी बाजारपेठेसाठी बनलेली यंत्रे ११० व्होल्टवर चालतात. ती आपल्याकडील २३० व्होल्टवर थेट जोडली तर दिवा तत्क्षणी जातो आणि मोटारही जळू शकते. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. दिवा ७५० वॅटचा असेल, तर मोटारीचा भार धरून ट्रान्सफॉर्मर किमान हजार व्होल्ट-अँपिअरचा असावा. युरोपीय यंत्रांत बहुधा व्होल्टेज निवडण्याचा खटका असतो. तो पूर्वीच्या मालकाने कोठे ठेवला आहे, हे डोळ्यांनी पाहूनच खात्री करावी. काही अमेरिकी यंत्रांची मोटार ६० हर्ट्झ विजेसाठी बनवलेली असते. आपल्या ५० हर्ट्झवर ती सुमारे एक-षष्ठांश मंद चालते आणि पुली बदलल्याशिवाय गती जुळत नाही.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे जुना रबरी पट्टा. दशकानुदशके उन्हाळे सोसलेला पट्टा कधी तुटतो, तर कधी डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो. हा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने धीराने काढावा लागतो. तो हातांना आणि कपड्यांना लागला तर लवकर सुटत नाही. मूळ पट्टा मिळण्याची आशा फारशी नसते. मात्र जुन्या पट्ट्याची लांबी आणि जाडी मोजून हार्डवेअरच्या दुकानातील योग्य मापाची ओ-रिंग किंवा टेपरेकॉर्डरचा पट्टा अनेकदा चालून जातो. पट्टा फार घट्ट झाला तर मोटारीच्या बेअरिंगवर ताण येतो. फार सैल झाला तर खालचे चाक फिल्म गुंडाळत नाही आणि ती जमिनीवर साचते.

तिसरी अडचण सुकलेल्या वंगणाची. कारखान्यात भरलेले ग्रीस इतक्या वर्षांत डिंकासारखे घट्ट होते. अशा अवस्थेत मोटार सुरू केल्यास गिअरचे दाते तुटतात. बेल अँड हॉवेलच्या काही १६ मिलिमीटर यंत्रांतील प्लास्टिकचा वर्म गिअर तर केवळ वयोमानानेच तडकतो. म्हणून जुने ग्रीस काडीने आणि कापडाने पूर्ण खरवडून नवे लावावे. फिरत्या दांड्यांच्या बेअरिंगला शिलाई मशीनचे पातळ तेल पुरते, तेही एकेक थेंबच. पट्टा, क्लच, शटर आणि फिल्मचा मार्ग यांना तेलाचा स्पर्शही होऊ नये. तेल अधिक झाले की ते उडून भिंगावर आणि शेवटी फिल्मवर बसते.

वंगणानंतर वीज न जोडता, यंत्राच्या बाजूची गोल मूठ हाताने सावकाश फिरवावी. पंजा गेटमध्ये नीट आत-बाहेर होतो का, कोठे अडते का, शटर कशाला घासते का, हे त्यातून कळते. मूठ जड लागत असेल, तर अजून काम बाकी आहे असे समजावे.

गेट : दोन इंचांची जागा, सर्वाधिक धोका

फिल्मवर ओरखडे पडतात ते प्रामुख्याने गेटमध्ये. पूर्वी चाललेल्या फिल्मचा थर सुटून तेथे कडक कवचासारखा बसतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने किंवा ब्लेडने खरवडणे म्हणजे गुळगुळीत धातूवर नवी धार निर्माण करणे होय. स्पिरिटमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश, बांबूची काडी आणि मऊ सुती कापड एवढी सामग्री पुरेशी असते. फिल्म दाबून धरणारी पट्टी मोकळेपणाने मागे-पुढे होते का, तिची स्प्रिंग शाबूत आहे का, दातेरी चाकांचे दाते झिजून आकड्यासारखे वळले आहेत का, हेही पाहावे.

भिंगाचा प्रश्न आपल्या हवामानात हमखास उद्भवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात साचलेल्या ओलाव्याने काचेवर बुरशीची जाळी धरते. ती वरच्या काचेवर असेल, तर लेन्स क्लीनरने निघते. आतील काचांमध्ये असेल, तर कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावी.

वीज, दिवा आणि धूर

आता वीज जोडण्याची वेळ येते. पहिल्या चाचणीस प्रोजेक्टरचा दिवा काढून ठेवावा आणि इलेक्ट्रिशियनच्या सिरीज बोर्डावरून, म्हणजे मध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब घालून, यंत्र जोडावे. बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर आत शॉर्टसर्किटची शक्यता असते. जुन्या यंत्रांतील कागदी कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसतात, पण विजेचा दाब येताच फुटून उग्र धूर सोडतात. असे कपॅसिटर न तपासता सरसकट बदलणेच श्रेयस्कर. जळलेली मोटार मात्र पंप आणि पंख्यांच्या मोटारी भरणारा कारागीरही पुन्हा भरून देऊ शकतो.

दिव्याच्या बाबतीत तडजोड नको. जुन्या यंत्रांत ५०० किंवा ७५० वॅटचे टंगस्टन दिवे असत. नंतरच्या सुपर ८ यंत्रांत परावर्तकासह १२ व्होल्ट, १०० वॅटचे हॅलोजन दिवे आले. हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटाचा स्पर्श झाला, तर त्वचेचे तेल तापून काच तडकते, म्हणून तो कागदात धरूनच बसवावा. 'अधिक उजेड पडावा' म्हणून ठरल्यापेक्षा जास्त वॅटचा दिवा लावणे म्हणजे फिल्म भाजण्यास निमंत्रणच! हवा फेकणारा पंखा फिरत नसेल, तर दिवा क्षणभरही लावू नये. अलीकडे काही हौशी मंडळी एलईडी बसवतात. त्यामुळे उष्णता खूपच कमी होते, मात्र प्रकाशबिंदू मूळ तारेच्या नेमक्या जागी आणणे हे कौशल्याचे काम असते.

परीक्षा रद्दी फिल्मची

यंत्र चालू लागले, तरी घरच्या रिळाची वेळ अजून आलेली नसते. त्याच मापाची, गमावली तरी चालेल अशी फिल्म मिळवावी. जुन्या बाजारात रद्दीच्या भावात मिळणारी जाहिरात किंवा माहितीपटाचा तुकडा त्यासाठी उत्तम. तिची दोन्ही टोके जोडून वलय करावे, दहा मिनिटे सलग फिरवावे आणि मग बहिर्गोल भिंगाखाली पाहावे. पडद्यावर उभी काळी रेघ दिसत असेल, तर ओरखडा सहसा फिल्मच्या चकचकीत पाठीवर आहे. रंगीत किंवा पांढरी रेघ असेल, तर चित्राचा थरच खरवडला जात आहे. छिद्रांच्या कडा तुटत असतील, तर दोष पंजाचा किंवा लूपचा. या परीक्षेत यंत्र निर्दोष ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रिळाचीही नाडी पाहावी

यंत्र सुदृढ झाले, तरी रीळ आजारी असू शकते. डबा उघडताच लोणच्यातील व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेटची पट्टी विघटित होऊ लागली आहे असे समजावे. हा विकार एकदा सुरू झाला की स्वतःच वेग घेतो, आणि उष्णता व दमटपणा त्याला खतपाणी घालतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या जिल्ह्यात पत्र्याखालचा माळा ही रिळांसाठी सर्वांत वाईट जागा होय. वास येणारे रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे.

विघटित होणारी फिल्म आकसते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. त्याच मापाच्या नव्या किंवा सुस्थितीतील फिल्मवर जुनी फिल्म छिद्रास छिद्र जुळवून ठेवावी आणि शंभर छिद्रे मोजावीत. शेवटी एका छिद्राचा फरक पडला, तर आकसणे एक टक्का झाले. एवढी आकसलेली फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नये. तिच्यासाठी दातेरी चाकांशिवाय एकेक चित्र टिपणारा स्कॅनरच योग्य. जुने जोड सुकून सुटले असतील, तर ते आधी नव्याने जोडून घ्यावेत. फिल्मला पाणी लावू नये. धूळ मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच टिपावी.

घरगुती मापांच्या फिल्मबाबत एक दिलासा आहे. ८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्म 'सेफ्टी' म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवर बनत. धोका ३५ मिलिमीटरच्या जुन्या नायट्रेट फिल्मचा. पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेटवरील अनेक जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. १९५० च्या दशकापूर्वीचे ३५ मिलिमीटरचे रीळ घरात आढळल्यास ते चालवण्याचा प्रयत्न न करता तज्ज्ञांशी संपर्क साधावा.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. मुंबईत २०१४ पासून कार्यरत असलेले फिल्म हेरिटेज फाउंडेशनही फिल्म जतनाचे प्रशिक्षण देत आले आहे. ऐतिहासिक मोल असलेल्या रिळांबाबत अशा संस्थांचा सल्ला उपयुक्त ठरतो.

कारागीर कोठून आणायचा?

या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी हे काम केव्हाच सोडले. ऑस्ट्रियाची नामांकित ऑयमिग कंपनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे एका दुसऱ्या बंद यंत्राचे भाग काढून पहिले चालू करणे, हाच अनेकदा व्यवहार्य मार्ग उरतो.

तरीही काम अशक्य नाही. महाराष्ट्राला यंत्र उघडून समजून घेण्याची परंपराच आहे. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटातही महाराष्ट्रातील फिरत्या तंबू-सिनेमांसोबत प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची कथा आहे. तालुक्याच्या गावी प्रोजेक्टरचा मेकॅनिक मिळणार नाही. पण घड्याळजीकडे बारीक हत्यारे आहेत, लेथवाला पुली घडवू शकतो, शिलाई मशीनवाल्याला वंगण कळते आणि मोटार भरणारा तर बाजारपेठेत असतोच. या चौघांचे काम एकत्र केले की बहुतेक यंत्रे पुन्हा फिरू लागतात.

यंत्र सुधारले, रीळ ठीक निघाले, तरी पडद्यावर वारंवार दाखवण्यापेक्षा एकदा उत्तम स्कॅन करून घ्यावा आणि मूळ रीळ जपून ठेवावे. स्कॅन झाला म्हणून ते टाकून देऊ नये, कारण पेन ड्राइव्ह काही वर्षांत दगा देऊ शकतो, तर नीट ठेवलेली फिल्म अनेक दशके टिकते. घरातील सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, आडवी, जमिनीपासून उंचावर ठेवलेली रिळे अधिक सुरक्षित राहतात. डांबरगोळ्या मात्र त्यांच्या डब्यात टाकू नयेत.

एक काम याहूनही तातडीचे आहे. बहुतेक घरगुती रिळे मूक आहेत. मांडवात हसणारी ती मुलगी कोण, बैलगाडीवरून उतरणारे ते गृहस्थ कोण, मागे दिसणारे घर कोणत्या गावचे, हे फिल्म सांगत नाही. ते घरातील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीलाच ठाऊक असते. म्हणून पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी आजीला पडद्यासमोर बसवावे, शेजारी मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि ती जी नावे घेईल, ती त्याच रात्री डब्यावर लिहून काढावीत.